एडवर्ड हॉपरची शहरचित्रे कशी पाहावीत?

एडवर्ड हॉपरचे 'नाइटहॉक्स' हे चित्र कुठे ना कुठे डोळ्यांखालून गेले नाही, असा वाचक आज विरळाच. मध्यरात्र, रस्त्याच्या कोपऱ्यावरचे काचेचे उपाहारगृह, आत तीन गिऱ्हाइके आणि पांढऱ्या पोशाखातला एक वाढपी, हे दृश्य भिंतीवरच्या पोस्टरपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र पोहोचले आहे. त्याच्याबरोबर 'एकाकीपणा' हा शब्दही पोहोचला आहे. चित्र नीट पाहण्याआधीच तो कानावर पडतो, मग पाहणारा चित्रात तोच शोधू लागतो, तो त्याला सापडतो आणि पाहणे तिथेच थांबते. ते तिथे थांबू नये म्हणून, चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या पण निवांतपणे पाहण्याची तयारी असलेल्या वाचकासाठी हा लेख लिहिला आहे. हॉपरच्या चित्रात प्रकाशाच्या वाटेने शिरावे आणि भावनेला नाव सर्वांत शेवटी द्यावे, असे माझे म्हणणे आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लावलेल्या आहेत. त्यासाठी सलग एक तास, एक कोरा कागद, पेन्सिल आणि शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी एवढे पुरते.

चित्रकाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. हॉपरचा जन्म २२ जुलै १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठी असलेल्या नायॅक या गावी झाला. न्यूयॉर्क स्कूल ऑफ आर्टमध्ये तो रॉबर्ट हेनराय या शिक्षकाच्या हाताखाली शिकला आणि १९०६ ते १९१० या काळात तीनदा युरोपला जाऊन आला. १९१३ साली न्यूयॉर्कच्या आर्मरी शो या गाजलेल्या चित्रप्रदर्शनात त्याचे एक तैलचित्र अडीचशे डॉलरना विकले गेले, पण त्यानंतरची दहा वर्षे त्याला मासिकांची आणि जाहिरातींची चित्रे काढून पोट भरावे लागले. १९२३ मध्ये जोसेफिन निव्हिसन या चित्रकर्तीने त्याचे नाव ब्रुकलिन म्युझियमला सुचवले, म्युझियमने त्याचे एक जलरंगचित्र शंभर डॉलरना विकत घेतले आणि तिथून त्याचे दिवस पालटले. पुढच्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. हॉपरच्या चित्रांत दिसणाऱ्या बहुतेक स्त्रियांसाठी जोसेफिनच मॉडेल म्हणून बसली किंवा उभी राहिली आणि प्रत्येक चित्राची नोंद तिनेच वहीत करून ठेवली, म्हणून या लेखात तिचे नाव पुन्हा पुन्हा येईल. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकाच्या उत्तर बाजूच्या तीन क्रमांकाच्या इमारतीत १९१३ साली राहायला आलेला हॉपर १५ मे १९६७ रोजी तिथेच, आपल्या स्टुडिओत वारला. म्हणजे चोपन्न वर्षे एकच पत्ता आणि खिडकीबाहेर एकच शहर.

पहिली पायरी : एकच चित्र निवडा आणि त्याचा आकार समजून घ्या

सुरुवात 'नाइटहॉक्स'पासून करू नये, कारण ते इतके ओळखीचे झाले आहे की डोळा त्याच्यावरून घसरून जातो. माझ्या मते नवख्याने १९२७ सालचे 'ऑटोमॅट' हे चित्र घ्यावे. ते आयोवा राज्यातल्या डे मॉइन आर्ट सेंटरमध्ये आहे. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चित्रांच्या चांगल्या प्रती पाहायला मिळतात, परंतु पडद्यावर सगळीच चित्रे एका मापाची होतात आणि तिथेच फसगत होते. म्हणून मोजपट्टी घेऊन आपल्या भिंतीवर साधारण एकाहत्तर सेंटिमीटर उंच आणि एक्याण्णव सेंटिमीटर रुंद असा चौकोन पेन्सिलीने हलकेच आखावा. 'ऑटोमॅट' एवढे आहे. त्यातली बाई खऱ्या माणसापेक्षा बरीच लहान, पण समोरच्या टेबलावर बसल्यासारखी दिसेल इतकी मोठी आहे, हे तो चौकोन पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

दुसरी पायरी : विशेषणे न वापरता यादी करा

आता कागदावर चित्रात काय काय आहे ते लिहून काढावे. उदास, शांत, सुंदर, भकास यांपैकी एकही शब्द वापरायचा नाही, केवळ वस्तू आणि त्यांच्या जागा लिहायच्या. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण मला स्वतःला हॉपर कळू लागला तो याच पायरीवर, त्यामुळे ती वगळू नये असे आग्रहाने सांगतो.

'ऑटोमॅट'ची यादी साधारण अशी होईल. संगमरवरी वाटणारे गोल टेबल. त्याच्यापाशी बसलेली एक तरुण बाई, अंगात हिरवा कोट, कोटाच्या गळ्याला आणि बाह्यांना फर, डोक्यावर कपाळापर्यंत खाली आलेली पिवळसर टोपी. उजव्या हातात कप. त्या हातावर हातमोजा नाही, दुसऱ्या हातावर मात्र आहे. टेबलावर रिकामी बशी. समोरची खुर्ची रिकामी. डाव्या कडेला खोली उबदार ठेवणारा रेडिएटर. पाठीमागे खिडकीच्या कट्ट्यावर फळांनी भरलेले भांडे. आणि बाईच्या डोक्यामागे भलीमोठी काळी खिडकी, तिच्यात छतावरच्या दिव्यांच्या दोन रांगा प्रतिबिंबित होऊन दूर दूर गेलेल्या.

यादी झाली की तिच्यातल्या एका ओळीवर थांबावे. मी त्या हातमोज्यावर थांबतो. बाहेर थंडी आहे, हे कोट आणि फर सांगतातच. आत येऊन माणूस कोट काढतो, दोन्ही हातमोजे काढतो, ऐसपैस बसतो. हिने कप धरण्यापुरता एकच हातमोजा काढला आहे. ती आत्ताच आली असेल, किंवा लगेच उठणार असेल, किंवा आपण किती वेळ बसणार हे तिलाच ठाऊक नसेल. या तीनही शक्यता त्या एका उघड्या हातात आहेत आणि हॉपरने त्यांतली एकही पक्की केलेली नाही. 'एकाकी स्त्री' असे म्हणून जो पुढे गेला, त्याला हा हात दिसतच नाही.

तिसरी पायरी : स्थळ म्हणजे नेमके काय होते, ते शोधा

ऑटोमॅट हा त्या काळच्या अमेरिकन शहरांतल्या खाणावळीचा एक प्रकार होता. हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशी उपाहारगृहे सुरू केली. तिथे भिंतभर काचेची छोटी छोटी दारे असत. खाचेत नाणे टाकले की दार उघडून आतला पदार्थ घेता येई, आणि पाच सेंटच्या नाण्यात कॉफी मिळे. वेटर नाही, बक्षिसी नाही, कुणाशी बोलण्याची गरज नाही. हे कळले की चित्रातली एक विलक्षण गोष्ट लक्षात येते : ज्या काचेच्या दारांमुळे ऑटोमॅट ओळखले जाई, त्यांतले एकही दार हॉपरने दाखवलेले नाही. त्याने त्या जागेचा फक्त दिवा, टेबल आणि खिडकी ठेवली.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात एकट्या बसलेल्या स्त्रीकडे लोक संशयाने पाहत. कचेऱ्यांत आणि दुकानांत नोकरी करणाऱ्या मुलींची संख्या वाढली तेव्हा काही मालकांनी 'स्त्रियांसाठी टेबले' अशा पाट्या लावून त्यांचे स्वागत सुरू केले, आणि हॉपरने १९३० साली त्याच पाटीचे शब्द एका चित्राला शीर्षक म्हणून दिले. या पार्श्वभूमीवर रात्री एकटीने कॉफी घेत बसलेली बाई ही एक नवी मोकळीक उपभोगणारी बाईसुद्धा असू शकते. ती तशीच आहे असे मी म्हणत नाही, पण तो अर्थ आपल्या यादीत असायलाच हवा.

चौथी पायरी : प्रकाश कुठून येतो आणि कुठे पडतो

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. चित्रातला सर्वांत उजळ भाग कोणता, ते पाहावे आणि मग दिवा किंवा सूर्य कोणत्या बाजूला असेल, याचा बाण कागदावर काढावा. 'ऑटोमॅट'मध्ये टेबलाखाली दिसणारे त्या बाईचे पाय लख्ख उजळलेले आहेत, तर चेहरा टोपीच्या सावलीत आहे. आपली नजर आधी पायांकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे येते. म्हणजे तिच्या मनात काय आहे हे सांगण्याआधी चित्रकार तिला परक्याच्या नजरेने पाहायला लावतो.

आता 'नाइटहॉक्स'कडे यावे. हे तैलचित्र ८४.१ सेंटिमीटर उंच आणि १५२.४ सेंटिमीटर रुंद आहे. जपानने पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी हल्ला केला, त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, २१ जानेवारी १९४२ रोजी ते पूर्ण झाले. त्याच वर्षी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ते तीन हजार डॉलरना विकत घेतले. त्यातल्या रस्त्यावर एकही दिवा दिसत नाही, सगळा उजेड उपाहारगृहातून बाहेर सांडलेला आहे. ज्यांना आपण ट्यूबलाइट म्हणतो ते दिवे अमेरिकेत बाजारात येऊन तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती. मेणबत्तीचा किंवा साध्या बल्बचा उजेड चेहऱ्यांना ऊब देतो, हा नवा उजेड मात्र माणूस, बरणी आणि भिंत यांच्यात भेदभाव न करता सर्वांवर सारखा पसरतो. चित्रातली गारठलेली हिरवट छटा तिथून आलेली आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या चित्रातल्या अस्वस्थतेचा निम्मा वाटा माणसांच्या मौनापेक्षा त्या दिव्याचा आहे.

जोसेफिनने वहीत या चित्राची जी नोंद केली ती वाचण्यासारखी आहे. तिच्यात चेरीच्या लाकडाचा काउंटर आहे, मागच्या धातूच्या टाक्यांवर पडलेला उजेड आहे, काचेच्या तळाशी चित्राच्या बऱ्याच रुंदीभर धावत जाणारी हिरव्या फरश्यांची झळाळती पट्टी आहे, लाल ब्लाउजमधली मुलगी आहे. नोंद सुरू होते ती रात्र आणि झगझगीत आतला भाग यांपासून. ज्या घरात हे चित्र जन्मले, त्या घरात त्याचा विचार आधी रंग आणि उजेड या भाषेत झाला, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. त्या मुलीसाठी जोसेफिन स्वतः उभी राहिली होती आणि पुरुषांसाठी हॉपरने आरशात स्वतःलाच पाहिले होते, म्हणजे काउंटरवर कोपराला कोपर लावून बसलेले ते अनोळखी वाटणारे जोडपे खरे तर एका घरातले नवरा-बायको आहेत.

उजेड पाहण्याची सवय लागावी म्हणून १९५२ सालचे 'मॉर्निंग सन' जरूर पाहावे. पलंगावर पाय जवळ घेऊन बसलेली बाई खिडकीकडे तोंड करून सकाळचे ऊन अंगावर घेत आहे. त्या वेळी मॉडेल बनलेली जोसेफिन सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. या चित्राच्या पूर्वतयारीचे एक रेखाटन व्हिटनी म्युझियममध्ये आहे, आणि त्यात हॉपरने शरीराच्या प्रत्येक भागाशेजारी तिथे कोणता रंग, किती उजेड, कसली सावली हे बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे. घराच्या भिंतीवर पडलेले ऊन रंगवावे एवढीच आपली इच्छा होती, या आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि ते रेखाटन पाहिले की ते अक्षरशः खरे मानावेसे वाटतात.

पाचवी पायरी : चित्रकार कुठे उभा आहे

चित्रासमोर आपण कुठे उभे आहोत, किती उंचीवर, काचेच्या आत की बाहेर, हे स्वतःला विचारावे. 'नाइटहॉक्स'मध्ये आपण पदपथावर आहोत, आणि आत जायचे म्हटले तर रस्त्याच्या बाजूने कुठेही दार दिसत नाही. १९२८ च्या 'नाइट विंडोज'मध्ये आपण रस्त्याच्या वर अधांतरी आहोत आणि समोरच्या खोलीत पाठमोरी वाकलेली एक बाई दिसते. हे अधांतरीपण कुठून आले, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून, खांबांवर चढवलेल्या रुळांवरून धावणाऱ्या 'एल' गाड्यांत आहे. १९४० च्या 'ऑफिस ॲट नाइट'बद्दल हॉपरने लिहिले आहे की अंधार पडल्यावर एल गाडीतून जाताना कचेऱ्यांची अंतर्दृश्ये क्षणभर दिसत आणि मनावर ताजा ठसा उमटवून जात, त्यातून बहुधा ही कल्पना सुचली. खिडकीतल्या माणसाला आपण दिसलो आहोत हे कळायच्या आत गाडी पुढे गेलेली असे. त्यामुळे हॉपरची माणसे आपल्याकडे पाहत नाहीत यात नवल नाही.

सहावी पायरी : काय गाळले आहे

ही पायरी छोटी आहे, पण 'अर्ली संडे मॉर्निंग' या १९३० च्या चित्राशिवाय ती समजणार नाही. दुमजली विटांच्या इमारतींची एक रांग, खाली बंद दुकाने, न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा रंगीत खांब, आग विझवण्याच्या पाण्याचा बंब जोडण्याचा ठेंगू नळ, आणि कुणीही नाही. त्या वर्षीच्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या एकोणसत्तर लाखांवर होती, क्रायस्लर इमारत नुकतीच उभी राहिली होती आणि एम्पायर स्टेटचे काम चालू होते. हॉपरने त्या उंचीपैकी चित्राच्या उजव्या कोपऱ्यात फक्त एक काळपट चौकोन ठेवला. वरच्या एका खिडकीत त्याने आधी एक माणूस रंगवला होता, नंतर तो रंगाखाली झाकून टाकला. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे मुद्दाम वाचता येऊ नयेत अशी आहेत. चित्राचे मूळ नावही केवळ सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरची दुकाने असे होते. रविवार हा शब्द नंतर दुसऱ्या कुणीतरी जोडला, असे हॉपरने स्पष्ट सांगितले आहे. एकदा रविवार म्हटले की आपल्याला लगेच सुट्टीची सकाळ दिसू लागते. शीर्षक पाहण्यावर किती राज्य करते, याचा अनुभव घेण्यासाठी हे चित्र नाव झाकून कुणाला तरी दाखवावे आणि वार ओळखायला सांगावा.

सातवी पायरी : शेजारी दुसऱ्यांची चित्रे ठेवा

हॉपर एकटा पाहिला तर संपूर्ण अमेरिकन वास्तववादी चित्रकला म्हणजे रिकामे रस्ते, असा गैरसमज होतो. त्याचे गुरू रॉबर्ट हेनराय आणि त्यांच्याभोवती जमलेले चित्रकार ॲशकॅन घराण्याचे म्हणून ओळखले जातात. ॲशकॅन म्हणजे राखेचा डबा. त्यांच्यातले बरेच जण वर्तमानपत्रांसाठी घटनास्थळी जाऊन चित्रे काढणारे होते, आणि गर्दी, धूर, वाळत घातलेले कपडे यांवर त्यांचे प्रेम होते. जॉर्ज बेलोजचे १९१३ चे 'क्लिफ ड्वेलर्स' पाहावे : दाटीवाटीच्या चाळवजा इमारती, रस्त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कपड्यांच्या दोऱ्या, उकाड्याने बाहेर आलेली माणसे आणि पायांत येणारी मुले. जॉन स्लोनच्या १९१२ च्या 'सिक्स ओ'क्लॉक, विंटर'मध्ये तीच एल गाडी आहे, पण स्लोन खाली रस्त्यावर, घरी परतणाऱ्या गर्दीत उभा आहे आणि गाडी त्याच्या डोक्यावर आहे. हॉपर त्या गाडीच्या आत बसलेला होता. एकाच रुळांखाली आणि रुळांवर दोन वेगवेगळी शहरे सापडतात.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये 'नाइटहॉक्स'बरोबरच आर्चिबाल्ड मॉटलीचे १९४३ चे 'नाइटलाइफ' हे चित्रही आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. तीही रात्र, तोही काउंटर, तोही विजेचा उजेड. पण शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीतले हे मद्यगृह जांभळ्या-गुलाबी रंगात न्हाऊन निघाले आहे, पाय ठेवायला जागा नाही आणि पुष्कळ जण नाचत आहेत. युद्धकाळातल्या अमेरिकन रात्रीचे एकच रूप नव्हते, हे समजण्यासाठी यापेक्षा चांगली जोडी नाही. याउलट जॉर्ज टूकरच्या १९५० च्या 'द सबवे'मध्ये भुयारी स्थानकात पुष्कळ माणसे आहेत, तरी लाल पोशाखातली मधली बाई भेदरून उभी आहे. माणसांची संख्या मोजून एकटेपणा ठरत नाही, हे हॉपरपेक्षाही टूकर ठळकपणे दाखवतो.

आठवी पायरी : आता शब्द निवडा

इथे मराठी वाचकाची सोय आहे, कारण आपल्याकडे या भावनेसाठी एकाहून अधिक शब्द रोजच्या वापरात आहेत. एकांत माणूस शोधतो, मागतो, कधी त्यासाठी घर सोडून जातो, आणि संतांच्या वाणीत तर तो सुखाचे ठिकाण आहे. एकटेपणा ही निव्वळ स्थिती आहे, सोबत कुणी नाही एवढेच ती सांगते. एकाकीपणा मात्र टोचतो, त्यात सोबत हवी असूनही ती नाही ही बोच आहे. हॉपरच्या प्रत्येक चित्राला यांतला कोणता शब्द लागू पडतो, हे पहिल्या सात पायऱ्या झाल्यावर ठरवावे आणि कारणासह लिहून काढावे.

माझा कौल देतो, तो मान्य व्हावा असा आग्रह नाही. 'मॉर्निंग सन'ला मी एकांत म्हणेन. 'ऑटोमॅट'ला एकटेपणा, कारण त्या उघड्या हाताने पुढचे काहीच ठरवू दिलेले नाही. १९३२ च्या 'रूम इन न्यूयॉर्क'मध्ये नवरा वर्तमानपत्रात डोके खुपसून बसला आहे आणि बायको पियानोकडे वळून एका बोटाने एखादी पट्टी दाबत आहे. खोलीत दोन माणसे आहेत आणि एकाकीपणा हा शब्द मला इथेच सर्वांत खरा वाटतो. 'नाइटहॉक्स'विषयी खुद्द हॉपरने सांगितले होते की ग्रिनिच ॲव्हेन्यूवर दोन रस्ते मिळतात तिथल्या एका उपाहारगृहावरून ते सुचले, दृश्य आपण पुष्कळ सोपे केले आणि उपाहारगृह मोठे केले. ते विशेष एकाकी आहे असे त्याला वाटले नव्हते, पण नकळत बहुधा आपण मोठ्या शहराचा एकाकीपणा रंगवत होतो, अशी पुस्तीही त्याने जोडली. त्या 'नकळत' आणि 'बहुधा'ला मी फार मान देतो. म्हणून या चित्रापुढे मी अजून कोणताही एक शब्द लिहिलेला नाही.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या मराठी मंडळींना मूळ चित्रे पाहणे फारसे अवघड नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे जोसेफिनच्या मृत्युपत्रामुळे हॉपरच्या तीन हजारांहून अधिक कृती आल्या आहेत, त्यांत रेखाटनांचा मोठा भाग आहे आणि 'अर्ली संडे मॉर्निंग'ही तिथलेच. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'नाइट विंडोज' आणि १९३९ चे 'न्यूयॉर्क मूव्ही' आहे. त्यातल्या दिव्याखाली उभ्या असलेल्या, निळ्या गणवेशातल्या, प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या थिएटरच्या मुलीसाठी जोसेफिन आपल्याच इमारतीच्या बोळात दिव्याखाली उभी राहिली होती. नायॅकमधले हॉपरचे जन्मघरही आता संग्रहालय आहे. मोठ्या संग्रहालयातली चित्रे कधी दुसऱ्या प्रदर्शनांना उसनी दिलेली असतात, म्हणून निघण्यापूर्वी चित्र भिंतीवर आहे ना, हे संकेतस्थळावर तपासावे. आणि दालनात गेल्यावर आधी चार पावले मागे उभे राहून उजेडाची दिशा शोधावी, शेजारची माहितीची पाटी नंतर वाचावी.

एवढे झाल्यावर १९६३ चे 'सन इन ॲन एम्प्टी रूम' काढावे. त्यात माणूस नाही, टेबल नाही, खुर्चीही नाही. एक खिडकी, बाहेर थोडी झाडी आणि भिंतींवर पडलेले उन्हाचे पिवळे तुकडे आहेत. दुसऱ्या पायरीप्रमाणे पुन्हा कागद घेऊन यादी करावी. ती चार-पाच ओळींत संपेल. मग त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, भिंतीवरचा उन्हाचा प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे कापला जातो ते रेखाटून पाहावे आणि आठव्या पायरीवरचा कोणता शब्द या रिकाम्या खोलीला चालेल, ते तिथेच खाली लिहावे.